पंधरापैकी शून्य

आमच्या निवासात दुपारी अडीच ते साडेचार हा वेळ कुणाच्याच कामाचा नसतो. जेवणं उरकलेली असतात, चहाला अवकाश असतो, आणि उन्हाळ्यात व्हरांड्याची फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. टीव्हीच्या खोलीत कुणीतरी बसल्या जागी घोरत असतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात. मी आयुष्यभर गणित शिकवलं, आधी मुदखेडच्या शाळेत आणि निवृत्तीनंतर काही वर्षं लातूरच्या एका क्लासमध्ये. माझी प्रत्येक दुपार घंटेने तासातासांत कापून दिलेली असे. आता घंटा नाही, म्हणून दुपार संपत नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो. मुलगी सिकंदराबादला असते. दर रविवारी फोन करून "बाबा, कसे आहात?" विचारते, मी "एकदम मस्त" म्हणतो. मस्त म्हटलं की फोन लवकर आटोपतो आणि दोघंही सुटतो.

निवास लातूरच्या बाहेर, नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वृद्धाश्रम म्हटलेलं चालकांना खपत नाही. एका खोलीत दोन खाटा, संडासात धरायला दांडा, उशाशी बेल, अंघोळीला मदत लागली तर बाई, आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन येणारी सिस्टर. आम्ही तेव्हा एकोणीस जण. बायको गेल्यावर मी काही वर्षं घरी एकट्याने काढली, मग एकदा न्हाणीत घसरलो आणि शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत तिथेच पडून राहिलो. मुलगी म्हणाली, आमच्याकडे चला. मी म्हणालो, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? खरं म्हणजे तिने आणखी एकदा आग्रह केला असता तर मी गेलो असतो. तिने केला नाही, आणि मीही हट्टाचा माणूस.

माझ्या खोलीतली दुसरी खाट अप्पांची. शिरूर अनंतपाळला त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुलाने त्या दुकानात मोबाइलचं सामान भरलं आणि अप्पांना दारापाशी एक चांगली गादीची खुर्ची दिली. मुलगा वाईट नाही, सूनही नाही. पण गिऱ्हाईक यायचं आणि अप्पांना ओलांडून आत जायचं. "चाळीस वर्सं लोक मला इचारायचे, अप्पा, हे कापड टिकंल का, रंग जाईल का. आता मला कोन काय इचारनार, सांगा बरं?" असं एकदा ते म्हणाले होते. बायको वारल्यावर ते स्वतःच बॅग भरून इथे आले.

अप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. रोज अंघोळ झाली की खाटेवर मांडी घालून बसायचे, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि डोळे मिटायचे. ती पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. नाश्त्याला सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले चुरमुरे, असले तर त्यांची बशी गार होऊन ते पार चिवट व्हायचे. मी चिडवायचो, "अप्पा, देवाला पाच मिनिटं उशीर चालत नाही का हो?"

"देवाला चालतंय सर. मलाच चालत न्हाई."

आता त्या मुलीविषयी. दर काही महिन्यांनी शहरातल्या एका दवाखान्याकडून एक समुपदेशक मुलगी आमच्याकडे येऊ लागली. पंचविशीतली असेल, स्कूटीवर यायची, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. चालकांनी सांगितलं, म्हातारपणी मन खचतं आणि ते वरून दिसत नाही, म्हणून ही सगळ्यांना थोडे प्रश्न विचारणार. पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. आयुष्यावर समाधानी आहात का? रिकामं रिकामं वाटतं का? बाहेर पडण्यापेक्षा खोलीत बसलेलं बरं वाटतं का? मी फटाफट उत्तरं दिली आणि सवयीने विचारलं, "किती मिळाले?"

"शून्य, सर."

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. ती हसली. "यात जितके कमी तितकं चांगलं."

म्हणजे मी पहिला आलो होतो. तिच्या कागदावर नजर टाकून मी गुणदानाची पद्धतही हेरली. पाच प्रश्नांना हो म्हटलं की माणूस ठणठणीत, दहांना नाही म्हटलं की ठणठणीत. हो म्हणायचे प्रश्न एक, पाच, सात, अकरा, तेरा. पहिला सोडला तर बाकीच्या सगळ्या मूळ संख्या. गणिताच्या मास्तरला एवढं पुरतं. ते आकडे डोक्यात बसले ते बसलेच.

त्यानंतरच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. कोपऱ्यातल्या खोलीत एक मावशी राहायच्या. त्या मुलीपाशी त्या खूप रडल्या होत्या, हे भिंतीपलीकडून सगळ्यांनी ऐकलं होतं. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला, त्यांचं गाठोडं उचललं आणि त्यांना घेऊन गेला. त्या परत आल्या नाहीत. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पण संध्याकाळपर्यंत जेवणाच्या खोलीत निकाल लागलेला होता: ज्याला मार्क जास्त, त्याला वेड्याच्या दवाखान्यात घालतात, नाहीतर घरी पाठवतात. आणि घरी पाठवतात म्हटल्यावर आमच्यातल्या निम्म्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी कोण वाट बघत होतं?

दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. "सर, तुमी मास्तर मानूस. काय बोलायचं ते आमाला शिकवून ठिवा. पुन्ना ती पोरगी आली म्हंजे पंचाईत नगं."

मी त्यांना सांगायला हवं होतं की बायांनो, ही परीक्षा नाही. मला ते माहीत होतं. पण ज्या गावात पोरगं दहावीला गेलं की घरातला टीव्ही कपाटात जातो, ज्या गावाच्या भिंतीभिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चिकटलेले असतात, त्या गावात मी आयुष्याची शेवटची नोकरी केली. लातुरात परीक्षा म्हटली की आधी क्लास. मी म्हणालो, "उद्या अडीचला टीव्हीच्या खोलीत बसा."

असा माझा वर्ग सुरू झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने पंधरा ओळी लिहिल्या. म्हाताऱ्या माणसांना आकडे पाठ होणार कसे? म्हणून मी बोटांची पेरं लावून दिली. अंगठ्याने एकेक पेर मोजायचं आणि ठरलेल्या पाच पेरांवर हो म्हणायचं, बाकी सगळीकडे नाही. रोज एक फेरी तोंडी, एक फेरी एकेकाला उभं करून. चुकलं की मी ओरडायचो. मुदखेडला ओरडायचो तसाच. एका आजींना मी "लक्ष कुठंय तुमचं?" म्हटलं तर त्या लाजल्या आणि पदराने तोंड झाकून हसत सुटल्या. पंधरा दिवसांत वर्ग असा तयार झाला की मी नुसती बोटं दाखवली तरी सतरा तोंडांतून एकदम हो किंवा न्हाई यायचं.

मला फार बरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर आज वर्गात काय घ्यायचं याचा विचार डोक्यात असायचा. मी पुन्हा इस्त्रीचा सदरा घालू लागलो. रविवारी मुलीशी बोलताना "मस्त" म्हटलं ते एकदा खरंच होतं, आणि तिलाही ते ऐकू आलं असावं, कारण त्या दिवशी फोन जरा लांबला.

अप्पा पहिल्या रांगेत बसायचे. अडीचला पाच मिनिटं कमी असताना स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आणायचे. पाय सुजलेले असायचे तरी आणायचे. त्यांनी कधी शंका विचारली नाही आणि कधी चूक केली नाही. बाकीचे पेरं मोजायचे, अप्पा मात्र प्रश्न पुरता ऐकून घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि बरोबर उत्तर द्यायचे. मी इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचो.

याच दिवसांत त्यांची पूजा चुकू लागली. पहिल्यांदा मला वाटलं, मी अंघोळीला गेलो तेव्हा उरकली असेल. मग एक दिवस मी खोलीतच पेपर वाचत होतो आणि अप्पा अंघोळ करून आले, खाटेवर बसले, भिंतीकडे बघत राहिले, आणि बाईने सुशीलाची बशी आणली तेव्हा सरळ खायला लागले. कपाळ कोरडं. दोनच घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली. मी पेपरच्या आडून बघत होतो. विचारणार होतो. पण मनात म्हटलं, वय झालं, कंटाळा येतो माणसाला, आपण कशाला खोदून विचारायचं. त्यानंतर पाच-सहा दिवस मी रोज बघितलं आणि रोज पेपर वाचला.

ती मुलगी पुन्हा आली तेव्हा आमची जय्यत तयारी होती. एकेक जण आत जायचा, मी बाहेर व्हरांड्यात एखाद्या पालकासारखा फेऱ्या मारायचो. बाहेर आलेला माणूस मला अंगठा दाखवायचा. सगळे आटोपले, मीही जाऊन उत्तरं देऊन आलो, आणि मग तिने मला पुन्हा आत बोलावलं.

"सर, ही मंडळी बोटं मोजतात."

मी सदऱ्याची बाही सारखी करू लागलो.

"मी किनवटकडची आहे. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढले. तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी आमची अशीच तयारी घ्यायचे. जेवण कसं आहे? चांगलं आहे. पांघरूण मिळतं का? मिळतं. सगळ्यांनी एका सुरात. त्यामुळे असली उत्तरं मला लगेच ओळखू येतात." ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. "म्हणून आज मी प्रश्नांचा क्रम बदलला."

तिने कागद माझ्यापुढे सरकवले. माझा वर्ग सपशेल नापास झाला होता. पेरांवर भरवसा ठेवून सगळ्यांनी भलतीच उत्तरं दिली होती. दिवसभर खिदळणाऱ्या त्या आजींनी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं की आता जगण्यात काही राम नाही आणि अंगात तर जीवच नाही. मला हसू आवरेना. तीही हसली.

"माझी मीच कधी कधी हे प्रश्न सोडवते," ती म्हणाली. "शून्य माझेही येत नाहीत सर. परवा चार आले. क्रम बदलल्यावरसुद्धा शून्य इथे दोघांचेच आले. अप्पांचे आणि तुमचे."

मला गंमत वाटली, थोडा अभिमानही. "अप्पा हुशार आहेत. प्रश्न नीट ऐकतात ते."

"तेच म्हणते मी. बाकीच्यांनी ऐकलेसुद्धा नाहीत, त्यांना लपवायचं काही नव्हतं. ज्याला लपवायचंय तो एकेक शब्द ऐकतो. तुम्ही त्यांच्या खोलीत राहता. त्यांचं जेवण कसं आहे? रोजचं काही सुटलंय का? काही बदललेलं दिसलं का तुम्हाला?"

मला सगळं दिसलं होतं. कोरडं कपाळ दिसलं होतं, दोन घासांवर ठेवलेली बशी दिसली होती. मी म्हणालो, "छे. नेहमीसारखे आहेत. पूजा नाही, अर्चा नाही असा एक दिवस जात नाही त्यांचा."

"आणि तुम्ही?"

"मी गणिताचा शिक्षक आहे, पोरी. मला उत्तरं येतात."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि कागद गोळा करू लागली. जाताना तिने त्या मावशींचंही सांगितलं. त्यांना औषधं चालू झाली, चार रात्री झोप लागली, आणि सुनेचं बाळंतपण आलं म्हणून मुलगा त्यांना घेऊन गेला. त्या आता नातवाला तेल लावतात. एवढीच ती गोष्ट होती. माझ्या वर्गाला आता काही कारण उरलं नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी वर्गात जाऊन म्हणालो, "क्रम बदलला म्हणून गोंधळ झाला. आता प्रश्न ऐकायला शिकायचं." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी लबाड माणूस नाही. पण त्या दिवशी मी लबाडी केली, आणि मन म्हणत होतं की हे यांच्याच भल्याचं आहे.

आठवडाभरानंतरची गोष्ट. सकाळी सिस्टर गोळ्या देऊन गेली. अप्पांनी तिच्यासमोर गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले. ती गेल्यावर उठून व्हरांड्यात गेले, रुमाल तोंडाला लावला, आणि जास्वंदीच्या कुंडीतली माती बोटाने उकरू लागले. मी मागे जाऊन उभा राहिलो. मातीत पांढरे, गुलाबी ठिपके होते. नुसते त्या दिवसाचे नव्हते.

"अप्पा, हे काय? शुगरच्या गोळ्या या!"

ते दचकले नाहीत. हात झटकले, कुंडीच्या कडेला टेकून बसले. "म्हैना झाला असंल."

"कामून पण?" माझ्या तोंडून असंच निघालं.

"सर, पुरं झालं आता. आपल्या हातानं काय करनं बरं न्हाई, ते पाप हाय. पन वढून वढून जगायची बी काय जिम्मेदारी न्हाई माझ्यावर. आपोआप लिंगैक्य होऊ द्या. म्या वाट पाहून राहिलो." मरण येण्याला त्यांच्यात लिंगैक्य होणं म्हणतात. ते असं म्हणाले जसं कुणी एसटीची वाट बघतोय म्हणावं. मग माझं मनगट धरलं. "कोनाला बोलू नगा. तुमी सोडून हितं मला कोन हाय? शब्द द्या."

मी शब्द दिला. काय करणार होतो? त्यांचा हात गरम आणि कोरडा होता आणि मला तो सोडवत नव्हता.

त्या दुपारीही मी वर्ग घेतला. आज मला याची लाज वाटते, पण घेतला. अप्पा खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. खुर्ची ठेवल्यावर त्यांना दम लागला होता. मी कॅलेंडरवरचे प्रश्न मागेपुढे करून विचारत होतो आणि सगळे उत्तर देत होते. मी विचारलं, "असं जगण्यात काय अर्थ आहे, असं वाटतं का?"

"न्हाई!" सतरा आवाज एकदम आले. त्यात अप्पांचा आवाज होता. ठणठणीत, स्पष्ट, मी शिकवला होता तसा.

पुढचा प्रश्न न विचारता मी स्केचपेनला टोपण लावलं. त्या माणसाला कितीतरी दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. मग एक पोरगी स्कूटीवरून येऊन त्याला विचारते, बाबा, तुमचं मन खचलंय का, आणि मी त्याच्याकडून नाही म्हणायची घोकंपट्टी करून घेतो. मी पेन टेबलावर ठेवलं, "आज एवढंच," म्हणालो आणि सरळ ऑफिसात गेलो. चालकांना म्हणालो, "त्या मुलीला फोन लावा. आत्ता. अप्पांचं मी खोटं सांगितलं होतं."

ती तासाभरात आली. शुगर तपासली तर आकडा बघून सिस्टरने ती पुन्हा एकदा तपासली. शिरूरहून मुलाला बोलावलं. त्याला यायला वेळ लागणार म्हणून निवासाच्याच गाडीतून अप्पांना शहरातल्या दवाखान्यात हलवलं. गाडीत बसवताना मी त्यांची पिशवी पुढे केली. ती त्यांनी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

"शब्द दिल्ता तुमी," एवढंच म्हणाले.

मग निवासातही मला कुणी जवळ येऊ देईना. सरांनीच चुगली केली, आता आपल्यालाही नेतील, असं जेवणाच्या खोलीत चाललेलं मला ऐकू यायचं. मी आत गेलो की बोलणं थांबायचं. मावशींचं खरं काय ते मी आता सांगत होतो, पण कुणाचा विश्वास बसेना, आणि का बसावा? अडीच वाजायचे. टीव्हीच्या खोलीत कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टेकवलेलं असायचं. मी खोलीत अप्पांच्या रिकाम्या खाटेसमोर बसून राहायचो. बाईने तिच्यावरची चादर काढून नेली होती, नुसती गादी होती, पट्ट्यापट्ट्यांची. बायको गेल्यावर मला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं त्या दिवसांत वाटलं. तेव्हा निदान माझी चूक नव्हती.

आणि तिथे बसून बसून मला एक गोष्ट कळली, जी मला कळून घ्यायची नव्हती. मी शब्दाला जागून गप्प राहिलो नव्हतो. त्या मुलीने मला विचारलं तेव्हा तर मी कुणाला शब्दही दिलेला नव्हता. अप्पांचं खरं बाहेर आलं असतं तर वर्ग बंद पडला असता. माझे सतरा विद्यार्थी गेले असते. एक दुपारचा तास राखायला मी माझ्या सोबत्याचं कोरडं कपाळ रोज बघत राहिलो.

दहाव्या दिवशी मी रिक्षा करून दवाखान्यात गेलो. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "शुगर उतरली सर. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या बी चालू झाल्यात. अर्धी भाकरी खाल्ली काल. पन बोलत न्हाईत जास्त." त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, मी त्याच्या वडिलांचा जीव वाचवला. तो चहा आणायला गेला आणि मी आत गेलो.

अप्पा उशाला टेकून बसले होते. हाडं वर आली होती, पण नजर ठिकाणावर होती. मी खुर्ची ओढली. इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला, ऊन फार आहे, जास्वंदीला कळ्या आल्यात. ते हूं हूं करत राहिले. शेवटी मला राहवलं नाही.

"अप्पा, मला एक सांगायचंय. मी तो क्लास तुमच्यासाठी घेतला नव्हता. कुणासाठीच नाही. मला सगळं दिसत होतं. तुमची पूजा सुटलेली दिसत होती. तरी मी बोललो नाही. मला दुपार खायला उठते हो. मला वर्ग पाहिजे होता."

अप्पांनी माझ्याकडे मान वळवली. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच.

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"तुमाला वर्ग पायजे व्हता ते. पैल्याच दिशी कळलं मला." ते दमले, थांबले, पुन्हा बोलले. "नायतर मला काय करायचं व्हतं सर, पास होऊन? म्या तर जायालाच निगालो व्हतो. पन तुमी सकाळी उठून सदऱ्याला इस्त्री करायचे. म्हनलं, पैली रांग रिकामी दिसली तर मास्तराचं मन मोडंल. म्हनून खुर्ची घेऊन येत व्हतो. न्हाईतर कवाच पडून ऱ्हायलो असतो."

मुलगा चहा घेऊन आला. मी तोंड फिरवून चष्मा पुसत बसलो. त्याने कपबशी अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी बशीत थोडा चहा ओतला, बशी माझ्यापुढे केली आणि मुलाला म्हणाले, "जरा येळ भाईर बस. मला त्यांना इचारायचं हाय, त्यांची दुपार कशी जाते ते."